टेस्ट म्हणते रक्त गोठायला उशीर लागतो, मग पायात गुठळी कशी?

प्रश्न : माझं वय २९, लग्नाला पाच वर्षं झाली. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा आठव्या आठवड्यात गर्भपात झाला. दुसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाचे ठोके बंद असल्याचं कळलं. बाळात काही व्यंग नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. यंदा गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या, पुण्याहून गावी सहा-सात तास एसटीने आले आणि त्यानंतर काही दिवसांतच डावी पोटरी सुजली, पाय टेकवेना. डॉप्लरमध्ये गुठळी निघाली. भरती होताच, औषध सुरू होण्याआधीच, एपीटीटी ही टेस्ट वाढलेली आली. पुढे इंजेक्शनं सुरू असताना अँटिबॉडी तपासल्या, तिन्ही पॉझिटिव्ह. ‘एपीएस’ (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम) असं निदान सांगितलं. आता वॉरफरिन चालू आहे. माझा भाऊ लॅबमध्ये कामाला आहे. तो म्हणतो, एपीटीटी वाढलं म्हणजे रक्त गोठायला उशीर लागतो. मग मला गुठळी झालीच कशी, आणि वर रक्त पातळ करायची गोळी कशासाठी? दर थोड्या दिवसांनी टेस्ट, त्यात पालेभाज्या बंद केल्यात. ओळखीच्या एका डॉक्टरांनी टेस्ट न लागणारी नवी गोळी सुचवली आहे. सासूबाई म्हणतात, तुझ्या रक्तातच दोष आहे, गोळ्या सोड, काढा घे, रक्त शुद्ध होईल. मला आई व्हायचंय. माझं कुठे चुकलं?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुमचं काही चुकलेलं नाही. गोळ्या घेतल्या म्हणून नाही, एसटीने प्रवास केला म्हणून नाही, आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी तुम्ही काही उचललं किंवा काही खाल्लं म्हणून तर मुळीच नाही. तुमच्या शरीराने स्वतःच्याच एका प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या आहेत. त्या कधी सुरू झाल्या, हे तुम्हाला कळायला काही मार्गच नव्हता. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, आणि आईकडून मुलाला हमखास जातो असंही नाही.

आता भावाचा प्रश्न. तो अगदी रास्त आहे. एमबीबीएसच्या मुलांनाही इथे हमखास घोळ होतो. भावाने ही टेस्ट रोज केली असेल, म्हणून त्यालाच आठवायला सांगा. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, ते फिरवून पेशी खाली बसवतात, वरचा पिवळसर प्लाझ्मा घेतात. त्यात रीएजंट आणि कॅल्शियम घालून जाळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. त्या रीएजंटमध्ये फॉस्फोलिपिड नावाचा स्निग्ध पदार्थ असतो, कारण रक्त गोठवणारे घटक अशा स्निग्ध पृष्ठभागावर बसूनच एकमेकांना चालना देतात. तुमच्या अँटिबॉडी नेमक्या तिथेच जाऊन चिकटतात. गोठवणाऱ्या घटकांना बसायला जागा उरत नाही आणि घड्याळातले सेकंद वाढतात. म्हणजे एपीटीटी वाढलं ते खरंच आहे, पण ते नळीतलं खरं आहे. नळीत रक्तवाहिनी नाही, तिचं अस्तर नाही, प्लेटलेटही जवळजवळ नाहीत. आणि तुमचा आजार नेमका त्या अस्तरावर घडतो.

हा उशीर कशामुळे होतो ते ओळखायची पद्धतही भावाला माहीत असेल. तुमचा प्लाझ्मा निरोगी माणसाच्या प्लाझ्मात निम्मा-निम्मा मिसळतात. एखादा घटक कमी असेल तर तो निरोगी प्लाझ्मातून मिळतो आणि वेळ पूर्ववत होते. तुमच्यासारख्या रुग्णांत ती होत नाही, कारण इथे कमतरता नाही, अडथळा आहे. मग जास्तीचं फॉस्फोलिपिड घातलं की अँटिबॉडी त्यात अडकून पडतात आणि वेळ पुन्हा कमी होते. यासाठीच्या एका महत्त्वाच्या टेस्टमध्ये घोणस सापाचं विष अगदी पातळ करून वापरतात. शेतात घोणस चावली की रक्त गोठेनासं का होतं, हे तुमच्या भागात सांगायला नको. त्या विषातला एक घटक गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चालू करतो. चावलेल्या माणसात गोठवणारे घटक त्यामुळे भराभर खर्च होऊन संपतात. लॅबमध्ये त्याच गुणाचा उपयोग होतो: मधल्या पायऱ्या टाळून थेट त्या टप्प्यावर पोचता येतं आणि फॉस्फोलिपिडपाशी अडथळा आहे का ते स्वच्छ दिसतं.

आता अस्तराकडे येऊ. प्रत्येक रक्तवाहिनीच्या आत एकाच थराच्या जाडीचं पेशींचं अस्तर असतं. वर्षानुवर्षं रक्त त्याला घासून वाहतं आणि गोठत नाही, कारण ही पेशी अखंड काम करत असते. ती नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडते, त्यामुळे रक्तवाहिनी सैल राहते आणि प्लेटलेट शांत राहतात. तिच्या पृष्ठभागावर थ्रॉम्बोमोड्युलिन असतं. ते गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनलाच आवरतं आणि त्याला गोठणं थांबवायच्या कामाला लावतं. एखादी बारीक गुठळी झालीच तर ती विरघळवायचं रसायनही हीच पेशी सोडते.

तुमच्या अँटिबॉडींचं मुख्य लक्ष्य आहे बीटा-टू ग्लायकोप्रोटीन वन नावाचं प्रथिन. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या रक्तात ते भरपूर असतं. एरवी ते कानातल्या बाळीसारखं गोल मिटलेलं फिरत असतं. पेशीला इजा झाली, ताण आला, की तिच्या आतल्या बाजूची ऋणभारित फॉस्फोलिपिडं बाहेर दिसू लागतात. हे प्रथिन त्यांना चिकटतं, उघडतं, आणि आत दडलेला भाग उघडा पडतो. अँटिबॉडीला तोच भाग हवा असतो. तिला दोन हात असतात. दोन्ही हातांनी ती दोन प्रथिनं पकडते, आणि मग ती जोडगोळी अस्तराच्या पेशीवर पक्की बसते. तिथल्या रिसेप्टरना त्यातून चुकीचा निरोप जातो की इथे इजा झाली आहे, गोठवायला लागा.

पेशी तो निरोप खरा मानते. नायट्रिक ऑक्साइड कमी होतं. एरवी जे आतल्या थरांत लपवलेलं असतं ते टिश्यू फॅक्टर पृष्ठभागावर येतं, आणि गोठण्याची सुरुवात करणारी ठिणगी तीच. पांढऱ्या पेशींना पकडणारे चिकट रेणू अस्तरावर उगवतात. आलेल्या पांढऱ्या पेशींपैकी काही स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात आणि त्या जाळीत प्लेटलेट अडकतात. काॅम्प्लिमेंट नावाची प्रतिकारशक्तीची यंत्रणाही चेतवली जाते आणि आग वाढते. अस्तरावर ॲनेक्सिन ए-फाइव्ह या प्रथिनाचं एक संरक्षक आवरण असतं, तेही या अँटिबॉडी विस्कटतात. तेव्हा ‘रक्त घट्ट झालंय’ हे तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते बाजूला ठेवा. तुमचं रक्त घट्ट नाही. त्याला वाट देणारं अस्तर बिघडलं आहे, आणि वॉरफरिन त्या बिघाडावर गुठळी धरू देत नाही.

एक गोष्ट मात्र इथे फार महत्त्वाची आहे. नुसत्या अँटिबॉडी असल्या म्हणून गुठळी होतेच असं नाही. कित्येकांच्या रक्तात त्या वर्षानुवर्षं असतात आणि काही होत नाही. नव्वदच्या दशकात उंदरांवर जे प्रयोग झाले त्यात रुग्णांच्या अँटिबॉडी उंदरांना टोचल्या, मग मांडीतल्या शिरेला चिमटा घेऊन ठरावीक इजा केली. अँटिबॉडी टोचलेल्या उंदरांत गुठळी मोठी झाली आणि जास्त वेळ टिकली. म्हणजे अँटिबॉडी अस्तराला तयार करून ठेवतात, आणि मग दुसरा एखादा धक्का लागतो: ऑपरेशन, मोठा संसर्ग, बाळंतपण, तंबाखू-सिगारेट, फार वेळ एका जागी बसणं, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांमध्ये नॉरएथिस्टेरॉन असतं. त्या मात्रेत घेतल्यावर त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. तुमच्या गुठळीत त्याचा वाटा असू शकतो, त्यानंतरच्या बसच्या प्रवासाचाही. हा दोष तुमचा नाही, कारण या गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात आणि कुणी काही विचारत नाही. पण यापुढे त्या नकोत, एकदाही नकोत. घरात लग्न असो, पूजा असो, नवस असो. सणाच्या दिवशी पाळी आली तर आली. हे घरातल्या मोठ्यांना पटवणं अवघड जातं हे मला रोज दिसतं, म्हणून सासूबाईंना हा परिच्छेद तुम्ही वाचून दाखवा. त्यांच्या सुनेच्या पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असती तर जीवावर बेतलं असतं. गर्भनिरोधासाठीही इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालणार नाहीत. कॉपर-टी किंवा निरोध चालेल.

तुमच्या दोन गर्भपातांबद्दल. आठव्या आठवड्यातला पहिला या आजारामुळेच झाला असं छातीठोकपणे सांगता येत नाही. कळून आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस सुरुवातीच्या आठवड्यांत थांबतात, आणि त्यातल्या बहुतेकींना कुठलाही आजार नसतो. पाचव्या महिन्यात, व्यंग नसलेल्या बाळाचे ठोके थांबणं हे मात्र या आजारात नेमकं घडतं. वार (प्लॅसेंटा) म्हणजे रक्तवाहिन्यांचंच घर, आणि तिथल्या पेशी वाढताना आपली फॉस्फोलिपिडं बाहेर दाखवतात. त्यामुळे अँटिबॉडींना तिथे चिकटायला आयतं ठिकाण मिळतं. पूर्वी वाटायचं की वारेत गुठळ्या होतात आणि बाळाचं पोषण तुटतं. आता कळतंय की काॅम्प्लिमेंटमुळे होणारा दाह आणि वार नीट न रुजणं यांचाही मोठा वाटा आहे. न्यूयॉर्कमध्ये २००४ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाने पिल्लं वाचली. पण रक्त तितकंच पातळ करणारी, काॅम्प्लिमेंटला न रोखणारी दुसरी औषधं दिली तर वाचली नाहीत. गरोदरपणात पोटावर घ्यायची हेपरिनची इंजेक्शनं केवळ गुठळीसाठी नसतात, ती त्यामुळेच.

आधीच्या गरोदरपणाची फाइल घरात असेल तर एक कागद शोधा. व्हीडीआरएल ही सिफिलिसची टेस्ट प्रत्येक गरोदर बाईची होते, आणि तिच्या रीएजंटमध्ये कार्डिओलिपिन हेच फॉस्फोलिपिड असतं. १९४१ साली मेरी पँगबॉर्न यांनी जनावराच्या हृदयातून ते वेगळं केलं होतं. तुमच्यासारख्या काही जणींची व्हीडीआरएल त्यामुळे खोटी पॉझिटिव्ह येते. यावरून घरात संशय, भांडणं, नवऱ्यावर किंवा बायकोवर आळ, असे प्रकार मी पाहिले आहेत. तुमच्या फाइलमध्ये तसं काही निघालं तर घाबरू नका. टीपीएचए ही दुसरी टेस्ट करून उलगडा होतो. या गोंधळातूनच डॉक्टरांना हा आजार हळूहळू दिसू लागला, आणि १९८३ साली लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुठळ्या, गर्भपात आणि या अँटिबॉडी यांचा धागा जोडला.

आता पुढे काय करायचं. तुमची टेस्ट एकदाच झाली आहे. निदान पक्कं करायला ती किमान बारा आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण एखाद्या संसर्गानंतर या अँटिबॉडी तात्पुरत्या वाढून परत जातात. तुमची टेस्ट इंजेक्शनं चालू असताना झाली, त्यामुळे तीनपैकी ल्युपस अँटिकोॲग्युलंट (वर सांगितलेली, गोठायला लागणारे सेकंद मोजून होणारी टेस्ट) या एका रिपोर्टवर अर्धवटच विश्वास ठेवावा लागेल. उरलेल्या दोन, म्हणजे अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन वन, औषधाने बदलत नाहीत. त्यांच्या आकड्यांकडे बघा. ४० युनिटच्या वर असतील तर ते हलक्यात घ्यायचं नाही. वॉरफरिन चालू असताना ल्युपस अँटिकोॲग्युलंटचा रिपोर्ट वाचणं अवघड असतं, पण म्हणून टेस्टसाठी आपल्या मनाने गोळी बंद करू नका. लॅबवाल्यांना आधी सांगा की मी वॉरफरिनवर आहे, आणि रिपोर्ट रक्तविकारतज्ज्ञ किंवा संधिवाततज्ज्ञांना दाखवा. ते एएनए ही टेस्टही करतील, कारण हा आजार कधी ल्युपस या दुसऱ्या आजाराबरोबर येतो, ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. लघवीतलं प्रथिन आणि ब्लडप्रेशर तपासायलाही त्यांना सांगा. या आजारात किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर गुठळीशिवायही जाड होत जातं, हे पॅरिसच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं आहे. ते लवकर पकडलेलं बरं.

नव्या गोळीबद्दल मी ठाम आहे. ओळखीच्या डॉक्टरांचा हेतू चांगलाच आहे. एरवीच्या गुठळ्यांत रिव्हरोक्सॅबानसारख्या गोळ्या उत्तम चालतात आणि टेस्टची कटकट वाचते. पण तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांवर इटलीत एक अभ्यास झाला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. तो अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. रिव्हरोक्सॅबान घेणाऱ्या ५९ जणांपैकी ४ जणांना मेंदूचा झटका आला आणि ३ जणांना हृदयविकाराचा. वॉरफरिन घेणाऱ्या ६१ जणांत गुठळीची अशी एकही घटना झाली नाही. तुमच्या तिन्ही पॉझिटिव्ह आहेत. वॉरफरिन सोडू नका.

वॉरफरिनवर आयएनआर, म्हणजे गोळीने रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा टेस्टचा आकडा, २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा असतो. बोटाला टोचून मशीनवर आयएनआर काढत असाल तर ते टाळा. या अँटिबॉडींमुळे काही मशीन खोटा जास्त आकडा दाखवतात. शिरेतून रक्त देऊनच करा. पालेभाज्या बंद करायची गरज नव्हती, पुन्हा सुरू करा. मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते गोळीच्या विरुद्ध काम करतं हे बरोबर. पण डोस तुमच्या जेवणाप्रमाणे बसवायचा असतो. आठवड्याला दोनदा भाजी खात होतात तर दोनदाच खा, दर आठवड्याला तेवढीच. एका आठवड्यात रोज मेथी आणि दुसऱ्यात अजिबात नाही, असं झालं की आयएनआर वरखाली होतो. पाय दुखला म्हणून डायक्लोफिनॅक घेऊ नका; पॅरासिटामॉल घ्या. कुणीही नवं औषध दिलं, विशेषतः अँटिबायोटिक, तर ‘मी वॉरफरिनवर आहे’ हे पहिलं वाक्य असू दे, आणि त्या आठवड्यात आयएनआर लवकर तपासा. काढ्याचं उत्तर यातच आलं. काढ्यात काय काय आहे आणि ते या गोळीला किती वाढवेल किंवा मारेल हे कुणालाच सांगता येणार नाही. या अँटिबॉडी काढ्याने निघत नाहीत. प्लाझ्मा बदलूनही त्या परत तयार होतात. तो उपाय अनेक अवयवांत एकदम गुठळ्या होणाऱ्या अगदी थोड्या रुग्णांसाठी असतो.

अचानक दम लागला, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, डोकं भयंकर दुखलं किंवा शौचाला काळी झाली, तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जा.

आणि आता बाळ. हो, तुम्ही आई होऊ शकता. ही खोटी आशा म्हणून मी लिहीत नाही. नीट उपचार घेतलेल्या शंभरपैकी सत्तरहून जास्त गर्भधारणांत बाळ घरी येतं. पण या वेळी क्रम आपण ठरवायचा आहे, नशिबाने नाही. गुठळीला निदान सहा महिने होऊ द्यात, आयएनआर स्थिर होऊ दे, तोवर दिवस जाऊ देऊ नका. वॉरफरिन गर्भाला घातक आहे, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, म्हणून ते त्याआधीच थांबवून हेपरिनची इंजेक्शनं सुरू झालेली असली पाहिजेत. काही डॉक्टर गर्भधारणेच्या आधीच बदल करतात. काही पाळी चुकल्याबरोबर घरी टेस्ट करून त्याच दिवशी यायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांशी कोणता मार्ग, ते आधी ठरवा. अ‍ॅस्पिरिनची छोटी मात्रा गर्भधारणेच्या आधीपासूनच सुरू होते. तुम्हाला गुठळी होऊन गेली असल्यामुळे हेपरिनचा डोस पूर्ण लागेल, नऊ महिने, आणि बाळंतपणानंतरही औषध चालूच राहील. नंतर पुन्हा वॉरफरिन. ते घेताना बाळाला अंगावर पाजता येतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन द्यायचं का, हेही विचारा. अस्तराला त्याचा फायदा होतो असं दिसतं आणि गरोदरपणात ते चालतं. जिथे अशी बाळंतपणं होतात आणि नवजात बाळांची सोय आहे अशाच दवाखान्यात नाव नोंदवा, गावातल्या ओळखीवर जाऊ नका.

इंजेक्शन पोटाच्या त्वचेत स्वतः घ्यायला शिकता येतं. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतो, मग सवय होते. त्या ठिकाणी निळं पडलं तर काळजी नको, जागा बदलत राहा. पुढच्या तपासणीला नवऱ्याला बरोबर घेऊन जा, आणि जमलं तर सासूबाईंनाही. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की घरातलं बरंच बोलणं थांबतं. जाताना दोन्ही गर्भपातांचे सोनोग्राफीचे कागद, डॉप्लरचा रिपोर्ट, औषध सुरू होण्याआधीचं एपीटीटी आणि आजवरचे सगळे आयएनआर तारखेनुसार एका फाइलमध्ये लावून घ्या. बारा आठवड्यांची पुनर्तपासणी कोणत्या तारखेला येते ते आजच कॅलेंडरवर लिहा, आणि तो रिपोर्ट आला की मला पुन्हा लिहा.